शेजारच्या बाकावरचा वाचक

मराठी बालवाङ्मयाचा आरंभच परसंस्कृतीच्या गोष्टींनी झाला, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये ‘बाळमित्र’ सिद्ध केला तो बेर्कँ या फ्रेंच लेखकाच्या मुलांसाठीच्या पुस्तकाच्या इंग्रजी अवतारावरून, आणि त्याच सुमारास इसापाच्या कथाही मराठीत आल्या. पुढे साने गुरुजींनी ‘गोड गोष्टीं’तून पाश्चात्त्य कादंबऱ्यांची कथानके मुलांपर्यंत पोहोचवली. या साऱ्या व्यवहारात एक सोय होती, ती अशी की ज्यांची गोष्ट सांगितली जात होती ते लोक समुद्रापलीकडे होते आणि त्यांच्या मुलांच्या हाती ते मराठी पुस्तक पडण्याचा संभव नव्हता. लेखक ज्या समाजात वाढलेला नाही अशा समाजाविषयीची बालकथा, म्हणजे प्रस्तुत लेखापुरती ‘परसंस्कृतीची बालकथा’, जेव्हा आपल्याच जिल्ह्यातील दुसऱ्या समाजाविषयी लिहिली जाते, तेव्हा ही सोय उरत नाही.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असून त्याच्या पश्चिमेस अकोले तालुक्यात महादेव कोळी व ठाकर या आदिवासी जमाती राहतात, मधल्या पाटपाण्याच्या पट्ट्यात उसाचे मळे व साखर कारखाने आहेत, आणि पाथर्डी, शेवगाव, जामखेड या कोरडवाहू तालुक्यांतून हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला बाहेर पडतात. पारधी वस्त्या, शहरातील मुसलमान मोहल्ले आणि गावोगावचे मराठी ख्रिस्ती समाज यांचीही त्यात भर आहे. यांपैकी कोणत्याही समाजाविषयी बाहेरच्या माणसाने लिहिलेली गोष्ट वर्गात मोठ्याने वाचली जाते, तेव्हा ती ज्याच्याविषयी आहे तो मुलगा बहुधा त्याच वर्गात, शेजारच्या बाकावर बसलेला असतो. परसंस्कृतीच्या बालकथेची खरी कसोटी हा वाचक आहे, लेखकाचा हेतू नव्हे.

या जिल्ह्यात परक्यांनी मुलांसाठी लिहिण्याची परंपरा जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे घातले. सिंथिया फरार यांनी येथे मुलींच्या शाळा चालवल्या. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरलाच सुरू झाले, आणि पुढे मिशनने ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिकही काढले. शाळा, छपाई आणि मुलांसाठी सोपे गद्य यांबाबत मराठीवर या मंडळींचे ऋण आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु जगभरच्या मिशनरी बालसाहित्याचा एक ठराविक साचा होता, ज्यास ‘उद्धारकथा’ म्हणता येईल: मूल अंधारात आहे, बाहेरून कोणी दयाळू व्यक्ती येते, ती त्यास पुस्तक किंवा उपदेश देते, आणि मूल आपल्या घरच्यांहून वेगळे व शहाणे होते. या साच्यात मुलाचे घर म्हणजे ज्यातून सुटायचे ती जागा असते, आणि त्या घरातील आईला काही ठाऊक असेल, ही शक्यताच गृहीत धरलेली नसते.

हा साचा मिशनबरोबर गेला असे मात्र नाही. आजच्या मराठी बालकथेत ऊसतोड कामगाराचे मूल येते तेव्हा उपदेशकाच्या जागी गुरुजी किंवा समाजसेविका येतात आणि धर्माच्या जागी शाळा येते. बाकी रचना तीच राहते. मूल रडत असते, बाप दारू पीत असतो, मुकादम मिशा पिळत असतो, आणि शेवटी मुलाच्या हाती दप्तर येते. ऊसतोडीचे हाल खोटे आहेत असे कोणी म्हणणार नाही, आणि मुलांचे शिक्षण दरवर्षी मध्येच तुटते हे तर ढळढळीत सत्य आहे. परंतु त्या मुलाला जे माहीत असते, त्यातले काहीही या गोष्टींत उतरत नाही. उदाहरणार्थ, ‘कोयता’ म्हणजे एकत्र काम करणारे नवरा-बायकोचे जोडपे, आणि उचल, म्हणजे हंगामापूर्वी मिळणारी आगाऊ रक्कम, या जोडप्याच्या नावावर घेतली जाते. टोळी फडावर उतरली की बांबू, चटया आणि पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. उसाचा हिरवा शेंडा म्हणजे वाढे, त्याच्या पेंढ्या बांधून गावातल्या जनावरवाल्यांना विकल्या जातात आणि त्यातून रोजचा मीठमसाला सुटतो. दहा वर्षांच्या मुलीला वाढ्याच्या भावाची घासाघीस करता येत असेल, तर तिच्या गोष्टीत तिला हिशेब शिकवायला आलेली शहरी ताई जरा चमत्कारिकच दिसते. हे तपशील केवळ सजावटीसाठी नकोत. त्यांच्यामुळे मूल हे दयेचा विषय न राहता कर्ते पात्र बनते.

तपशिलाने गोष्टीचा कणाच कसा बदलतो, याचे नगर जिल्ह्यातील उत्तम उदाहरण दिवाळीतच सापडते. आश्विन वद्य द्वादशीस महाराष्ट्रात सर्वत्र वसुबारस म्हणून गाय-वासराची पूजा होते, पण अकोल्याच्या डोंगरी गावांतील महादेव कोळ्यांमध्ये तीच तिथी वाघबारस म्हणून पाळली जाते. शिवेजवळ वाघोबाचे ठाणे असते, बहुधा वाघ कोरलेली एखादी शिळा. गुराखी तेथे जमतात, दुधाची खीर करून नैवेद्य दाखवतात, आणि काही गावांत गुराख्यांतील पोरे वाघ-अस्वल होतात व बाकीचे त्यांना पिटाळून लावण्याचा खेळ करतात. गुरांना राखावे, अशी ही वाघाशी केलेली वर्षाची बोलणी होय. बाहेरचा लेखक या सणावर गोष्ट लिहू लागला की त्याला दोनच वाटा दिसतात: धाडसी मुलगा खऱ्या वाघाला पळवून लावतो, किंवा विज्ञानाचे शिक्षक येऊन वाघोबा ही अंधश्रद्धा असल्याचे पटवून देतात. दोन्ही वाटांनी गोष्ट त्या गावाबाहेर निघून जाते. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले खोऱ्यातील शेतीच्या मुलखात केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि माणसांच्या दाट वस्तीतही बिबटे उसाच्या आडोशाने राहतात हे त्यातून दिसले. म्हणजे मांजरकुळातील मोठ्या जनावराच्या शेजारी राहणे हा तेथील मुलाचा रोजचा व्यवहार आहे. ज्या पोराच्या वाट्याला यंदा वाघ होणे आले आहे त्याला सगळे गाव पिटाळणार असते. त्याला त्या वेळी काय वाटत असेल, ही खरी गोष्ट आहे, आणि ती आत शिरल्याशिवाय सुचत नाही.

भाषा आणि चित्रे यांतही हाच दोष वेगळ्या रूपाने दिसतो. निवेदक प्रमाण मराठीत बोलतो आणि ठाकर मुलगा तेवढा बोलीत, तोही हसू येईल अशा बेताने. यामुळे शहाणपण कोणाकडे आहे, हे कथानक सुरू होण्यापूर्वीच ठरून जाते. बोली वापरायची तर ती निवेदनातही उतरली पाहिजे, नाही तर सर्वांनाच साधी, सरळ मराठी द्यावी. चित्रांविषयी न बोललेलेच बरे: शाळांच्या स्नेहसंमेलनांत अजूनही अंगाला काजळी फासून, कमरेला पाला गुंडाळून ‘आदिवासी नृत्य’ होते आणि चित्रकार त्याचीच नक्कल करतात, जणू ठाकरांचा कांबडनाच कोणी पाहिलेलाच नाही.

सणांच्या गोष्टींची तऱ्हा तर औरच आहे. मुसलमान मित्र वर्षातून एकदा, शिरखुर्म्याची वाटी घेऊन येतो आणि ती रिकामी झाली की कथेतून निघून जातो. नाताळच्या गोष्टीत बर्फ, धुराडे आणि सांताक्लॉज असतात. नगरच्या मराठी ख्रिस्ती घरांतील करंज्या-चिवड्याचा फराळ आणि ख्रिस्ती कीर्तन मात्र नसते.

मग बाहेरच्याने लिहूच नये काय? हा प्रश्न इतरत्रही बराच चर्चिला गेला आहे. मद्रासेस राहिलेल्या हेलन बॅनरमन या स्कॉटिश बाईंनी १८९९ मध्ये आपल्या मुलींसाठी ‘लिटल ब्लॅक साम्बो’ लिहिले. त्यातील वाघ आणि तूप हिंदुस्थानातले, पण मुलाचे चित्र काळ्या लोकांच्या टवाळीच्या परंपरेतले, आणि पिढ्यान्‌पिढ्या अमेरिकेतील काळ्या मुलांना त्या नावाने चिडवले गेले. १९८५ साली अमेरिकेत निघालेल्या सुमारे २,५०० बालपुस्तकांपैकी केवळ १८ काळ्या लेखक-चित्रकारांची असल्याचे विस्कॉन्सिन विद्यापीठातील बालपुस्तक केंद्राला आढळले. रूडीन सिम्स बिशप या विदुषीने १९९० मध्ये पुस्तकांना आरसे आणि खिडक्या म्हटले ते याच पार्श्वभूमीवर: मुलाला स्वतःचे रूप दिसावे ते आरसे आणि इतरांचे जग दिसावे त्या खिडक्या. प्रस्तुत लेखात एवढीच पुस्ती जोडावयाची आहे की एका वर्गात एकच पुस्तक एकाची खिडकी आणि दुसऱ्याचा आरसा असते, आणि आरसा वेडावाकडा असेल तर खिडकीही खोटीच ठरते.

मराठीत याचे चांगले दाखलेही आहेत. दुर्गाबाई भागवतांनी संताळांच्या कथा मुलांसाठी मांडल्या त्यामागे मानवशास्त्राचा अभ्यास होता. अनुताई वाघ व ताराबाई मोडक यांनी कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी शिक्षणाची साधने भोवतालच्या वस्तूंतून घडवली. नगरला राहिलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी मुलांसाठी नव्हे, पण ‘स्मृतिचित्रां’त सोवळ्यातून आलेल्या बाईने इतर जातींच्या माणसांबरोबर राहता राहता स्वतःचे आग्रह कसे सोडले, हे काहीही न लपवता लिहिले; परसंस्कृतीविषयी लिहू पाहणाऱ्याने ते पुस्तक आधी वाचावे. तेव्हा बाहेरच्याने लिहिण्यास मज्जाव नसावा. मात्र जी गोष्ट त्या समाजातील मुलांसमोर वाचून दाखवण्याची लेखकास हिंमत होत नाही, ती छापू नये, आणि एखाद्या आजीकडून ऐकलेली कथा असेल तर तिच्या संमतीने तिचे नाव कथेवर द्यावे व मानधनातला वाटाही द्यावा. त्याहूनही आवश्यक म्हणजे आश्रमशाळांत शिकून आज शिक्षक झालेल्या महादेव कोळी, ठाकर व पारधी तरुणांकडून संपादकांनी मुद्दाम लिहून घ्यावे. पहिला खर्डा कच्चा आला तर तो परत न पाठवता त्यावर बसून काम करावे, जसे ते ओळखीच्या नवोदितांसाठी करतातच.

शेवटी दिवाळी अंकांच्या संपादकांना एक व्यवहाराची विनंती. मुलांचे अंक बाजारात येतात त्याच सुमारास पाथर्डी-शेवगावच्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरमधून कारखान्यांकडे निघतात, त्यामुळे गावच्या शाळेत पाठवलेला अंक त्या मुलांच्या हाती पडत नाही. या मुलांवर गोष्ट छापली असेल, तर त्या अंकाच्या काही प्रती गळीत हंगामात कारखान्यांच्या तळांवर, कोप्यांपर्यंत पोहोचतील अशी व्यवस्था करावी, आणि वाचून झाल्यावर मुले काय म्हणाली ते पुढच्या अंकात छापावे.