फल्लीदाणे आणि पेशीचं दार

मौद्याच्या एनटीपीसी वीज केंद्राच्या चिमण्या आमच्याकडे सगळ्यांच्या ओळखीच्या. २३२० मेगावॉटचं, कोळशावरचं केंद्र. भट्टीत कोळसा जळताना नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो आणि त्याची गणती प्रदूषणात होते. गंमत म्हणजे हाच वायू आपलं शरीरही बनवतं! तो रक्तवाहिन्यांना निरोप देतो, हे दाखवणाऱ्या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं.

या वायूचं आणखी एक काम आहे. टीबीचा जंतू शिरला की मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी त्याला गिळतात. पण नुसतं गिळून भागत नाही, मारावंही लागतं. त्यासाठी त्या आर्जिनिन या अमिनो आम्लापासून हा वायू तयार करतात. उंदरांमध्ये हे अगदी स्पष्ट दिसतं, माणसांत मामला इतका सरळ नाही.

मला नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. पेशीत आर्जिनिन आधीच असतं, तरी ते पुरत नाही. धोक्याची खूण मिळाली की पेशी दोन गोष्टी सोबतच तयार करते : वायू बनवणारं एन्झाइम, आणि बाहेरून आर्जिनिन आत आणणारं कॅट-२ हे प्रथिन. म्हणजे जणू एक दारच. २००१ साली उंदरांच्या पेशींत हे दार काढून पाहिलं, तर वायू ९० टक्क्यांहून जास्त घटला. कोठीत धान्य आहे, पण चूल पेटते ती दारातून येणाऱ्या धान्यावरच... तसंच काहीसं.

हे सगळं वाचायला कारण घडलं. घरात एकाचं टीबीचं औषध सुरू आहे आणि नातेवाइकांचे फोन येतात, "रोज मूठभर फल्लीदाणे दे, त्यात आर्जिनिन असतं." असतं, खरंच भरपूर असतं. इथिओपियात टीबीच्या रुग्णांना औषधासोबत दाणे देऊनही पाहिले. २०११ साली निकाल आला : एकूण रुग्णांमध्ये बरं होण्याचं प्रमाण काही वाढलं नाही. दाराबाहेर पोती रचली म्हणून काम वाढतंच असं नाही.

मग खाणं बिनकामाचं का? मुळीच नाही. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांना जास्तीचं धान्य-डाळ दिली, तर त्यांच्यात टीबी होण्याचं प्रमाण जवळपास ३९ टक्क्यांनी कमी झालं (२०२३). म्हणजे पोटभर सकस जेवण सगळ्या घरालाच हवं.

तेव्हा काकू, दाणे जरूर पाठवा, चिवड्यात घालू. पण गोळी मात्र एकही दिवस चुकणार नाही.