सांडलेला चिवडा

मित्रांनो, तंबूत झोपलायत का कधी? गच्चीवर आईची जुनी साडी बांधून करतो तो तंबू नव्हे हं! खराखुरा, जमिनीत खुंट्या ठोकून उभा केलेला. मी स्वतः पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा झोपलो, आणि तेही कुठे, तर थेट अमेरिकेत.

झालं काय, की जुलै महिन्यात मी बहिणीकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो. सॅन फ्रान्सिस्को शहराजवळ ती राहते. गेल्या गेल्या भाचेमंडळींनी जाहीर केलं, "मामा, आपण कॅम्पिंगला जाणार!" भावोजींनी जागा कधीच राखून ठेवली होती. तिथे सहा महिने आधीपासून नोंदणी सुरू होते आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारच्या जागा बघता बघता संपतात. आपल्याकडे गणपतीत कोकण रेल्वेचं तिकीट मिळवताना जी धांदल उडते ना, तशीच!

आता 'स्टेट पार्क' म्हणजे काय, ते सांगतो. राष्ट्रीय उद्यानं केंद्र सरकारची, तर ही राज्य सरकारची. एकट्या कॅलिफोर्नियात अशी सुमारे २८० ठिकाणं आहेत. समुद्रकिनारे, जंगलं, वाळवंटं, जुने दीपस्तंभसुद्धा! त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी तंबूसाठी जागा आखून दिलेल्या असतात. प्रत्येक जागेवर एक लाकडी टेबल आणि शेकोटीसाठी एक लोखंडी कडं. जंगलातली वाळकी काटकी उचलून जाळायची नाही, सरपण विकत घ्यायचं. रात्री दहानंतर आवाज बंद. म्हणजे बंदच!

पहिली रात्र हाफ मून बे इथल्या किनाऱ्यावर काढली. शहरापासून हे ठिकाण पंचेचाळीसेक किलोमीटरवर. मी अलिबागच्या समुद्रासारखं डुंबायला मिळेल म्हणून पंचा काढून तयार! पाण्यात पाय घातला आणि ओरडलोच. पॅसिफिकचं पाणी इथे ऐन उन्हाळ्यातही बर्फासारखं गार असतं. संध्याकाळी समुद्रावरून धुकं आलं आणि तंबू, टेबल, भावोजी सगळेच त्यात दिसेनासे झाले. जुलैत मी कानटोपी घालून झोपलो, सांगा कुणाला!

दुसऱ्या दिवशी गाडी डोंगरात वळली. वळणावळणांचा अरुंद रस्ता एका खोल दरीत उतरला. हे पोर्टोला रेडवूड्स स्टेट पार्क. गाडीतून उतरलो आणि मान वर केली, तर शेंडाच दिसेना! रेडवूड हे जगातलं सर्वांत उंच झाड. कुतुबमिनार सुमारे ७३ मीटरचा, आणि रेडवूड शंभर मीटरच्याही वर जाऊ शकतं. इतक्या उंचीवर पाणी पोचवायचं म्हणजे काय कमी कष्ट आहेत? पण उन्हाळ्यात इथे पाऊस जवळजवळ नसताना कालचं ते धुकंच या झाडांच्या कामी येतं. पानं ते धरतात, थोडं पाणी पितात, उरलेलं टपटप मुळांशी सांडतं.

तर अशा त्या झाडाखाली बसून मी पिशवीतून आईने दिलेला चिवडा काढला. बकाणा भरला, आणि चार-सहा पोहे, दोन शेंगदाणे खाली सांडले. एवढंच! पण आठवीतली भाची टाचणी टोचल्यासारखी किंचाळली, "मामा! उचल ते!"

मला वाटलं, ही स्वच्छतेची फारच भोक्ती झालेली दिसते. "अगं, मुंग्या खातील, पाखरं खातील. पुण्यच लागेल," मी म्हटलं. तिने हात धरून मला फलकापाशी नेलं. एकही कण मागे ठेवू नका, असं त्यावर लिहिलं होतं. का, ते तिने सांगितलं. तीच गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

मार्बल्ड मरलेट नावाचा एक समुद्रपक्षी आहे. कबुतराहून लहान. दिवसभर समुद्रात बुड्या मारून मासे पकडतो. पण घरटं? किनाऱ्यावर कुठेच नाही! ते कुठे असतं हे कितीतरी वर्षं पक्षितज्ज्ञांना कोडंच होतं. १९७४ साली इथून जवळच्या बिग बेसिन उद्यानात एक माणूस तंबूंच्या जागेवरच्या उंच झाडावर चढला. तो पक्षी शोधायला नव्हे, धोकादायक फांद्या छाटायला चढला होता. जमिनीपासून सुमारे पंचेचाळीस मीटरवर एका जाड, शेवाळलेल्या फांदीवर त्याला एक पिल्लू बसलेलं दिसलं. सुटलं कोडं! हा समुद्राचा पक्षी जंगलातल्या जुन्या झाडांवर अंडं घालतो. एका वेळी एकच. काड्या जमवून घरटं बांधत नाही, शेवाळाचा खळगा हेच घरटं. आई आणि बाबा आळीपाळीने चोवीस-चोवीस तास अंड्यावर बसतात आणि पहाटेच्या अंधारात पाळी बदलतात. पिल्लू मोठं झालं, की एके संध्याकाळी एकटंच फांदीवरून झेप घेतं आणि आयुष्यातल्या पहिल्याच उड्डाणात सरळ समुद्र गाठतं. त्या आधी एकदाही उडण्याचा सराव नाही, बरं का!

मग यात माझ्या चिवड्याचा काय गुन्हा? सांगतो. इथे कावळ्याच्याच कुळातला, निळ्या अंगाचा आणि तुरेवाला स्टेलर जे नावाचा एक पक्षी आहे. भारी हुशार आणि तितकाच हावरट. तंबूंपाशी पाव, वेफर्स, शेंगदाणे सांडतात म्हणून जे आणि डोमकावळे तिथे गर्दी करतात. आयतं खाऊन त्यांची संख्या वाढते. मग वरच्या फांद्या धुंडाळताना मरलेटचं ते एकुलतं एक अंडं सापडलं, की संपलं! या डोंगरांत हे पक्षी आता काहीशेच उरलेत. त्यात २०२० सालच्या वणव्यात बिग बेसिनचं जवळजवळ सगळं जंगल होरपळलं. जाड सालीमुळे पुष्कळ रेडवूड तगली आणि त्यांना नवी पालवीही फुटली. पण घरट्याजोगी रुंद, शेवाळलेली फांदी तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात.

शास्त्रज्ञांनी एक गमतीदार युक्तीही करून पाहिली. कोंबडीची लहान अंडी मरलेटच्या अंड्यासारखी निळसर-हिरवी, ठिपकेदार रंगवली, आत उलटी होणारं औषध भरलं आणि झाडांवर ठेवली. जे आले, त्यांनी अंडी फोडून खाल्ली आणि भडाभडा ओकले! एकदा अद्दल घडलेले जे त्या रंगाच्या अंड्यांपासून लांब राहू लागले.

पालकहो, आपण माकडांना चणे घालतो, मुलांच्या हाताने घालवतो, फोटो काढतो. मीही माथेरानला हौसेने घातलेत. त्या दिवशी ते सगळे चणे मला आठवले.

मग काय, मामा गुडघ्यावर! भाच्याने विजेरी धरली, भाची दाणे मोजत होती. एक शेंगदाणा मात्र काही केल्या सापडेना. तेवढ्यात समोरच्या फांदीवर काळसर तुरा हलला. आम्ही तिघांनी मिळून इतका आरडाओरडा केला, की शेजारच्या तंबूतल्या आजीबाई बाहेर आल्या. भाचीने त्यांना काय झालं ते सांगितलं, तर त्याही वाकून शोधायला लागल्या! शेवटी शेंगदाणा सापडला माझ्याच चपलेखाली. सगळं खाणं लोखंडी पेटीत कुलूपबंद केलं. रॅकून नावाचे मुखवटेवाले चोर रात्री येतात, ते वेगळेच.

पहाटे पाचला भाचीने मला हलवलं. "मामा, आत्ता येतात ते." आम्ही दोघं कुडकुडत टेबलावर उताणे पडलो. वर काळ्या शेंड्यांमधून आभाळाची करडी फट दिसत होती. बराच वेळ नुसती टपटप. मग खूप उंचावरून, अगदी झटक्यात, कीऽर, कीऽर असा आवाज गेला. तो मरलेटच होता का? भाची म्हणते, होता. दिसलं काहीच नाही. समुद्राच्या दिशेकडून आला होता, एवढं मात्र मी नक्की सांगतो.