पहिला खर्च

बाबांनी मृत्युपत्रात मला एक्झिक्युटर नेमलं होतं आणि मुंबईतली राहती जागा माझ्या नावे केली होती. ते गेल्यावर मी उच्च न्यायालयात प्रोबेटसाठी अर्ज केला. ताईने कॅव्हेट घातलं. आजारपणातल्या सहीबद्दल तिला शंका होती. अर्जाचा दावा झाला.

मला राग आला, काळजी मात्र वाटली नाही. खर्च इस्टेटीतून जाईल आणि ताई हरली की तिच्याकडून वसूल होईल, ही माझी पक्की समजूत. वकीलसाहेबांना मी पहिल्याच भेटीत ती ऐकवली. आता आठवलं की मान खाली जाते.

साहेब सत्तरीचे होते. त्यांनी मला शांतपणे दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ३५ समजावलं. हरणाऱ्याने खर्च द्यावा हा दिवाणी दाव्यांतला सर्वसाधारण नियम, पण अखेर ते न्यायालयाने ठरवायचं. नियम मोडायचा तर कारण लिहायचं. मृत्युपत्राच्या वादात शंकेला वाजवी आधार असेल, तर हरणाऱ्यावर खर्च बसेलच असं नाही. आणि बसला, तरी वकिलाला मोजलेले सगळे पैसे क्वचितच परत मिळतात. "तेव्हा जिंकलात तरी माझ्या फीचा भार बहुधा तुमच्यावरच," ते म्हणाले. मी ऐकलं आणि सोडून दिलं.

दोन वर्षांनी पैसे संपत आले, तेव्हा मी पुन्हा तेच विचारायला गेलो. साहेबांनी १९२५ चा वारसा कायदा माझ्यापुढे ठेवला आणि कलम ३२१ वाचायला लावलं. प्रोबेट मिळवण्याचा आणि मिळकतीच्या व्यवस्थेसाठी लागलेल्या कोर्टकामाचा खर्च मिळकतीतून देता येतो. मी सुटकेचा श्वास सोडला.

"आता त्याच्या वरचं वाचा."

कलम ३२०. सगळ्या कर्जांच्या आधी अंत्यविधीचा वाजवी खर्च, शेवटच्या आजारपणातले डॉक्टरांचे पैसे, मृत्यूपूर्वीच्या महिन्याभराचा राहण्या-जेवणाचा खर्च.

"हा कोणी केला?"

मी गप्प बसलो. नोकरीच्या गावाहून मी पोचलो तेव्हा सगळी तयारी झालेली होती. ती कोणी केली, कशातून केली, हे दोन वर्षांत माझ्या मनातही आलं नव्हतं. साहेबांनी बोट खाली कलम ३२२ वर नेलं: अखेरच्या तीन महिन्यांतला घरकामाच्या माणसांचा पगार. बाबांचं सगळं करणाऱ्या मावशींना तो मिळाला का, हेही मला माहीत नव्हतं.

त्या रविवारी ताईकडे गेलो. तिने काही न बोलता वही पुढे केली. रुग्णवाहिका, औषधं, स्मशान, दहावा. मावशींचा पगारही तिनेच दिला होता.

पुढे तडजोड झाली. जागा दोघांची झाली, वहीतले पैसे सगळ्यांत आधी ताईला गेले आणि कोर्टाचा खर्च ज्याचा त्याने सोसला. साहेबांची फी मी हप्त्याने फेडली. त्यांनी ती कमी केली नाही, त्याबद्दलही मी त्यांचा ऋणी आहे.

वहीतली एक ओळ मात्र ताईने हिशेबात धरू दिली नाही. बाबांच्या चष्म्याची नवी काच. "ती मी बाबांना दिली होती," ती म्हणाली, "इस्टेटीला नाही."