जुना फॉन्ट आणि आप्पांची वही

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि कर्जतच्या आमच्या घरातही विंडोज ११ आली. बाकी सगळं नीट बसलं. बसेना तो मराठी टायपिंगचा एक जुना प्रोग्राम. आता युनिकोडच्या जमान्यात त्याचं काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण आप्पांची वही त्यावर टाइप केलेली होती!

आमच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, निवृत्तीनंतर खालापूर-खोपोलीकडच्या आठवणी लिहून काढल्या होत्या. १९१५ साली खोपोलीत सुरू झालेलं टाटांचं वीजकेंद्र, बोरघाटातली वाहतूक, भातलावणीच्या दिवसांतली उसनवारी, असं बरंच काही. २००१ मध्ये मी ती वही टाइप केली. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदीचं पाणी घरात शिरलं. वही गेली, काढलेली प्रिंटही गेली. सीडी माळ्यावर होती म्हणून फाइल तेवढी उरली.

दुरुस्तीला आलेला मुलगा माझा जुना विद्यार्थी. तासभर खटपट करून म्हणाला, "सर, हा प्रोग्राम आता विसरा." कारण विचारलं तर त्याने नीट समजावलं. त्या काळच्या अनेक प्रोग्रामांचा इन्स्टॉलर १६ बिटचा असे. ३२ बिटची विंडोज तो चालवते, ६४ बिटची चालवत नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते. माझी विंडोज १० मुद्दाम ३२ बिटची ठेवली होती, म्हणून इतकी वर्षं निभावलं. अशा वेळी कम्पॅटिबिलिटी मोड लावा, अँटीव्हायरस बंद करा, सीडी पुसून पुन्हा घाला... काही उपयोग नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये जुनी ३२ बिट विंडोज टाकणं हा एक मार्ग उरतो.

तरी फाइल वर्डमध्ये उघडून पाहिली. उघडली, पण पानभर इंग्रजी अक्षरांचा काला! फोनवर धाकट्या बहिणीने विचारलं, "दादा, गेलं का रे सगळं?"

गेलं नव्हतं. मंडळी, मुद्दा इथेच आहे. जुन्या फॉन्टांमध्ये मराठी अक्षरांना स्वतःची जागा नव्हती. इंग्रजी अक्षरांच्या जागी त्यांची चित्रं बसवलेली असत, आणि प्रत्येक फॉन्टची बैठक वेगळी. प्रोग्राम फक्त कळफलक सांभाळायचा. वाचायला प्रोग्राम लागतच नाही, लागतो तो फॉन्ट. जुन्या बॅकअपमधल्या फॉन्ट्सच्या फोल्डरमध्ये त्याची टीटीएफ फाइल सापडली. तिच्यावर राइट क्लिक करून इन्स्टॉल म्हटलं, वर्ड पुन्हा उघडलं, आणि आप्पा मराठीत बोलू लागले.

पण तेवढ्यावर थांबलो असतो तर पुढच्या पिढीला पुन्हा तोच काला दिसला असता. म्हणून त्याच फॉन्टसाठी असलेला कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणला. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून स्वतःची जागा आहे, आणि तिथे 'क' सगळीकडे 'क'च राहतो. कन्व्हर्टरवर मात्र डोळे मिटून विश्वास टाकू नका. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी टाइप व्हायची आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम नेमका उलटा. हा क्रम फिरवायचा राहिला की आपल्या 'कर्जत'चं 'कजर्त' होतं! शिक्षकाला वह्या तपासायची सवय असतेच. तीन आठवडे रोज दुपारी तपासत बसलो.

तेव्हा नवी विंडोज आल्यावर एखादा जुना प्रोग्राम बसला नाही, तर आधी स्वतःला विचारा की आपल्याला प्रोग्राम हवा आहे की त्यात लिहिलेलं? लिहिलेलं हवं असेल तर ते कुठल्या फाइलीत आहे आणि कुठल्या फॉन्टमध्ये, ते शोधा. जुना संगणक भंगारात देण्याआधी त्यातला फॉन्ट्सचा फोल्डर कॉपी करून ठेवा. त्यातली एकेका फॉन्टची फाइल छोटीशीच असते, पण तिच्यावाचून सगळं मुकं.

असो. घरच्या मंडळींना पीडीएफ आणि युनिकोडची फाइल दोन्ही पाठवतो आहे. वाचताना कुठे चुकार रफार दिसला तर जरूर कळवा.