टायमिंग लावायचा रविवार

आमच्या पिढीत ज्याच्या दारात जुनी बुलेट, त्याचा रविवार तिच्या नावावर लिहिलेला असे. गाडी डबल स्टँडवर, चौथा गिअर टाकलेला, प्लग काढलेला. एकाने मागचं चाक हळूहळू फिरवायचं, दुसऱ्याने प्लगच्या भोकावर अंगठा धरायचा. अंगठ्याखाली हवा दाटली की कॉम्प्रेशन आलं. मग पॉईंटच्या, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या छोट्या स्विचच्या, फटीत सिगारेटचा पातळ कागद घालायचा आणि हलकेच ओढत राहायचं. कागद सुटला, म्हणजे पॉईंट उघडला. पॉईंट उघडला, म्हणजे ठिणगी पडली. पिस्टन वरच्या टोकापासून ०.८ मिलिमीटर खाली असताना हे घडायला हवं. ज्या घरात सिगारेटचं नाव काढायची चोरी, त्या घरात हा कागद मात्र राजरोस येई.

आता ठिणगीची वेळ ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, ठरवतो. इंजिनाचा वेग, भार, तापमान बघतो आणि सेकंदाला कितीतरी वेळा हिशेब करतो. पॉईंट केव्हाच गेले. २०२० साली धुराचे बीएस-६ नियम आले आणि बुलेटचा कार्ब्युरेटरही गेला. बटण दाबायचं आणि निघायचं. हात काळे होत नाहीत, रविवारही मोकळा असतो.

तेव्हा ०.८ मिलिमीटर मोजायला धड साधन नसे. सायकलचा स्पोक आत सोडायचा आणि त्यावर खूण करायची. भोक तिरपं, त्यामुळे माप नेमकं येत नाही हे ठाऊक असायचं, तरी खूण करायचीच. मग चावी फिरवून अ‍ॅमीटरकडे बघायचं. पॉईंट मिटलेला असला की काटा वजाकडे झुके, उघडला की मध्यावर येई. तो काटा हलला की सगळ्यांचे चेहरे खुलत. टायमिंग फार पुढे गेलं तर किक उलटी येऊन नडगी फोडी. मागे राहिलं तर इंजिन तापे आणि घाटात गाडी दम टाके. शिवाय पॉईंटची टाच झिजली की फट कमी होई, टायमिंग सरके, आणि पुन्हा तोच खेळ. आमचा हा सोहळा चाले तेव्हा आत कुणीतरी जेवणाचं ताट झाकून वाट बघत असे, हे आम्ही सोयीस्करपणे विसरतो.

आता गाडी बिघडली की मेकॅनिक यंत्र जोडतो, 'सेन्सर गेलाय' म्हणतो, आणि आपण मान डोलावतो. पूर्वी बिघाड दिसे, आता तो कळवला जातो. पूर्वी गाडी दगा देई, पण का दिला ते सांगे; आता ती सहसा दगा देत नाही, आणि दिला तर आपल्याशी बोलत नाही.

म्हणून आम्ही फार हुशार होतो असं मात्र नाही. गाडी सारखी अडत होती, म्हणून शिकलो. आजची गाडी सरस आहे. तिला आपली गरज उरली नाही, एवढंच दुखतं. घरात जुनी बुलेट असेल तर एकदा पॉईंटचं झाकण उघडून पोरांना जरूर दाखवा. ती कंटाळली तर रागावू नका. बटण असतं, तर आपण तरी कुठे बसलो असतो?