पुढे काय झाले?

मराठीच्या प्राध्यापकांनी सहसा कबूल करू नये अशी एक गोष्ट आम्ही येथे कबूल करतो. मधल्या सहा-सात वर्षांत आम्हा पतिपत्नींपैकी एकानेही केवळ वाचावीशी वाटली म्हणून एकही कादंबरी शेवटपर्यंत वाचली नव्हती. दोघेही मराठीचे एम. ए., दोघेही महाविद्यालयात शिकवणारे. ‘वाचा, वाचल्यावाचून गत्यंतर नाही’ असे विद्यार्थ्यांना दरवर्षी बजावणारे आम्हीच.

कादंबऱ्या हाताळत नव्हतो असे नाही. पण हाताळताना हातात पेन्सिल असे. पुस्तक उघडले की त्यातून काय काढता येईल हेच आधी दिसे: प्रादेशिकता, निवेदनपद्धती, दहा गुणांचा एखादा प्रश्न. नवी कादंबरी चाळीसेक पानांनंतर पालथी पडे ती पडेच. आम्ही दोष वेळेला दिला, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांना दिला, मोबाइलला दिला. पण उन्हाळ्याच्या सुट्टीतही तेच झाले, तेव्हा ही कारणे आमची आम्हालाच पटेनात.

गेल्या वर्षी घरात आईंच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. काही दिवस वाचन बंद. सातवीपर्यंत शिकलेल्या या बाईंना दुपारी पुस्तक लागतेच. त्या म्हणाल्या, “तुम्ही दोघं एवढं शिकवता, मला जरा वाचून दाखवा की.” हाताशी ‘बनगरवाडी’ होती, कारण ती आम्हाला शिकवायची होती. व्यंकटेश माडगूळकरांची 1955 सालची ही छोटी कादंबरी आम्ही किती वेळा शिकवली असेल, याची गणती नाही. आळीपाळीने वाचू लागलो.

पहिल्या दिवशी सवयीने मध्येच थांबून औंध संस्थान, माणदेश, ग्रामीण कादंबरीची परंपरा असे सांगू लागलो. आईंनी हात वर केला. “ते राहू दे. त्या मास्तरचं पुढं काय झालं, ते वाच.”

त्यानंतर आम्ही भाष्य केले नाही. पण भाष्य बंद होताच पुस्तक वेगळेच ऐकू येऊ लागले. अंजीच्या चोळीवरून कारभाऱ्याचे मन मास्तराविषयी कलुषित होते, तो प्रसंग आम्ही वर्गात ‘गैरसमजातून निर्माण होणारा संघर्ष’ म्हणून एका वाक्यात उरकत असू. आई मात्र कारभाऱ्याच्या बाजूने उभ्या राहिल्या. “गावात परका, तरणा माणूस. पोरीच्या बापानं काय समजावं?” यावर आमच्यात अर्धा तास वाद झाला. परीक्षेत ज्याला कोणी गुण देणार नाही असा वाद कादंबरीवरून घरात कित्येक वर्षांत झाला नव्हता.

बैलाच्या जोडीला स्वतःच्या खांद्यावर जू घेणाऱ्या शेकूच्या बायकोपाशी आलो, तेव्हा वाचणाऱ्याचा आवाज अडखळला. या प्रसंगाखाली आमच्या प्रतीत तीन रंगांच्या रेघा आहेत आणि समासात ‘कष्टमय जीवन’ असे लिहिलेले आहे. आई काही वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “आज एवढं पुरे.” समासातले ते दोन शब्द आम्हाला त्या दिवशी फार लाजिरवाणे वाटले.

दुष्काळाने वाडी उठते. पुस्तक संपले. आईंनी विचारले, “माणसं परत आली असतील का रे?” आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. इतक्या वर्षांत हा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता आणि आमच्याही मनात तो कधी आला नव्हता.

त्या रात्री आमच्यापैकी एकाने कपाटातून विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ काढली. प्रत एकच. सकाळी दुसऱ्याने ती पळवली. दोन दिवस तिच्यात दोन खुणा फिरत होत्या: एक बसचे तिकीट, एक हजेरीपत्रकाचा तुकडा. 1939 सालची ही कादंबरी दोघांनीही शिकवलेली, चक्रधर आणि हॅर्टा यांचे काय होणार हे दोघांनाही ठाऊक. तरीही चहाच्या वेळी एकाने तोंड उघडताच दुसरा म्हणाला, “पुढचं सांगू नकोस.” मग दोघेही हसलो.

आमचा वाचनरोग पुरता बरा झाला आहे असा दावा आम्ही करणार नाही. नेमाड्यांची ‘हिंदू’ अजून अर्ध्यावर आहे. गठ्ठे येतात, पेन्सिलही लागते. मात्र एक पथ्य आम्ही पाळतो: शिकवायची कादंबरी आधी एकदा पेन्सिलीवाचून वाचायची. आणि यंदा ‘बनगरवाडी’च्या पहिल्या तासाला आम्ही फळ्यावर काहीच लिहिले नाही. पहिले प्रकरण नुसते वाचून दाखवले. तास संपला. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, “सर, पुढे?”