गाईड, काकू आणि फॉस्फरस

धारवाडात मी ज्यांचं देणं लागतो त्यांत माझे गाईड पहिले आणि मळमड्डीतल्या घरमालकीण काकू दुसऱ्या. क्रम उलटा लावला तरी सर रागावणार नाहीत.

काकूंचं घर स्टेशनपासून चालत जाण्याजोगं, कौलारू, सोवळ्याओवळ्याचं. माझं काम ऑरगॅनोफॉस्फरस संयुगं तयार करण्याचं. त्यात ट्रायएथिलअमाइन लागतं आणि त्याला सडक्या मासळीचा वास येतो. कर्नाटक विद्यापीठातून संध्याकाळी परतलो की काकू दारातच विचारायच्या, "काय रे, आज पण?" शर्ट मागच्या दोरीवर, मी न्हाणीघरात, चहा त्यानंतर. पोरगं औषधं करतंय, असं शेजारणींना त्या परस्पर सांगून मोकळ्या व्हायच्या.

फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड मोठं तापट. दमट हवा लागली की धूर सोडतं, आणि धारवाडच्या आषाढात कोरडी हवा आणायची कुठून? फ्लास्क ओव्हनमध्ये सुकवायचा, टोल्यूइन सोडियमवर कोरडं करायचं, फ्लास्क बर्फात ठेवून ऑक्सिक्लोराइड थेंबथेंब घालायचं. पांढरा क्षार खाली बसला की तो गाळून टाकायचा. हवा तो पदार्थ वरच्या द्रावणात.

सरांना यील्ड किती टक्के आलं याचं फारसं कौतुक नसे. "बियाण्याला विचार," म्हणायचे. पेट्रीडिशमध्ये ओला फिल्टर पेपर, त्यावर ज्वारीचे दाणे. एकीत नुसतं पाणी, बाकीच्यांत चढत्या प्रमाणात संयुग. मग मुळं आणि कोंब पट्टीने मोजायचे. एकदा अगदी पातळ द्रावणातली मुळं पाण्यातल्यांपेक्षा लांब निघाली. मी हरखलो. सरांनी शेजारची डिश पुढे सरकवली: तेच संयुग, प्रमाण जास्त, मुळं आखूड आणि तपकिरी. "साकु," ते म्हणाले. (म्हणजे पुरे. धारवाडी मराठीत कन्नड न विचारता येतं.) "आता दोन्ही लिही."

ओळखीचे शेतकरी सरांकडे फवारणीच्या औषधांच्या बाटल्या घेऊन येत. ते सांगत, फॉस्फरस तोच, त्याला काय जोडलंय ते बघा. डीएपी खतातला पिकाचं अन्न. जॉन फ्रांझ यांनी १९७० साली मोन्सँटोत ज्याचा तणनाशक गुण ओळखला ते ग्लायफोसेट झाडातलं एक विकर अडवतं. तीन अमिनो आम्लं बनेनाशी होतात आणि तण वाळतं. इथेफॉन पेशीत फुटून इथिलीन सोडतं. डाळिंबाचा बहार धरताना पानगळ करतात ती त्याच्याने. आणि मोनोक्रोटोफॉस किडीच्या मज्जासंस्थेतलं जे विकर बंद पाडतं, ते माणसातही असतं.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर दगावले. बातम्यांत मोनोक्रोटोफॉसचं नाव आलं. तेव्हापासून गावाकडे गेलो की मी काकूंचाच नियम सांगतो: फवारून आलात की कपडे बाहेर, आधी साबणाने अंघोळ, मग चहा. बाटलीवर नुसतं 'फॉस' वाचून ते खत समजू नका. फवारणीनंतर कुणाला दरदरून घाम सुटला, तोंडाला लाळ आली, बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या, तर लिंबूपाणी देत बसू नका. बाटली बरोबर घ्या आणि तडक दवाखाना गाठा. अॅट्रोपिनचा उपयोग होतो, पण ते वेळेत टोचलं गेलं पाहिजे.